मदत हवी आहे: जुन्या चेतकच्या डिक्कीवर प्रायमर सुरकुततोय

मंडळी नमस्कार. बाबांची जुनी चेतक स्कूटर घरीच रंगवायला काढलीये, भांडुपला बिल्डिंगच्या गच्चीवर शेडखाली, आणि सगळं घोडं प्रायमरवर येऊन अडलंय. कलर तोच ठेवणार आहे, आरटीओची भानगड नको.

पुढचं मडगार्ड पूर्ण पत्र्यापर्यंत खरवडलं होतं, तिथे एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनरमध्ये पातळ करायचा) प्रायमर झकास बसला. घोळ दोन्ही डिक्क्यांवर (मागच्या बाजूंचे फुगीर पत्रे) आहे. तिथला जुना रंग घट्ट होता म्हणून फक्त गंजलेल्या जागा उघड्या केल्या, कडा ३२० च्या पाणीपेपरने उतरत्या केल्या, आणि प्रायमर मारला तर थोड्याच वेळात बरोब्बर त्या कडांवर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या! उघड्या पत्र्यावर काही नाही, फक्त जिथे जुना रंग संपतो तिथेच. डिक्कीच्या आतून थिनरचा बोळा धरून बघितला तर जुना रंग मऊ होऊन फुगला, म्हणजे खाली साधा इनॅमल असणार आणि थिनर त्याला कडेतून चावतोय, असा माझा अंदाज.

दुसरं लफडं म्हणजे हँडलखालच्या पुढच्या पत्र्यावर बारीक गोल खड्डे पडतायत, प्रायमर बाजूला सरकतो आणि आत जुना रंग दिसतो. कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा नळ सोडला तर लालसर पाणी आलं (मुंबईची हवा, दुसरं काय), पण खड्डे पहिल्याच हाताला येतात, पाणी असतं तर मशीन तापल्यावर जास्त आले असते ना? माझा संशय बाबांच्या पॉलिशवर, वर्षानुवर्षं दर रविवारी चोळायचे, सिलिकॉन मुरलं असेल त्यात.

ओळखीचे पेंटर काका म्हणतात रेड ऑक्साइड (गंजावरचा लाल प्रायमर) मार आणि मोकळा हो. पण चेतकला वेगळी चॅसी नाही, पत्राच सगळा भार घेतो, खाली गंज राहिला तर वरच्या रंगाला काय चाटायचंय?

आता जाणकारांनी सांगा, वॅक्स रिमूव्हरने पुसून जुन्या रंगावर हार्डनरवाला इपॉक्सी प्रायमर सीलर म्हणून (जुना रंग झाकून टाकणारा थर) मारला तर कडा शांत राहतील का, की सगळा रंग पेंट रिमूव्हरने काढायलाच लागेल? आणि लांबी (खड्डे भरायची पुट्टी) इपॉक्सीच्या वर भरायची की आधी पत्र्यावर? सध्याच्या दमट हवेत इपॉक्सी वाळायला किती वेळ देता तेही सांगा.

भांडुप-मुलुंड साइडला डिक्क्या सँडब्लास्ट (वाळूच्या माऱ्याने साफ) करून देणारं कोणी माहीत असेल तर कळवा, फक्त हलक्या हाताचा माणूस हवा, पत्रा पातळ आहे, वाकडा होऊन परत यायला नको.