पात्रांनाच भयपटांचे नियम माहीत असले, की भीती का पळते?

निशाचर: शॉर्टफिल्मच्या संहितेत सगळ्यांना भयपट तोंडपाठ आहेत. वाचनात लोक हसतात, घाबरत कुणी नाही. चुकतंय कुठे?

कातरवेळ: विनोदाची किंमत कुणी मोजत नसेल. 'स्क्रीम' (१९९६) या भयपटातला व्हॅनचा प्रसंग पुन्हा बघा. भयपटवेडा रँडी सोफ्यावर 'हॅलोविन' हा भयपट बघत त्यातल्या अभिनेत्रीला, जेमीला, "मागे बघ" म्हणून ओरडतोय आणि खुनी त्याच्याच मागे. बाहेर न्यूज व्हॅनमध्ये छुप्या कॅमेऱ्यावर हे दिसतं, पण ते चित्र येतं ३० सेकंद उशिरा! कॅमेरामन दार उघडतो, उशीर त्याच्या ध्यानात येतो, तोवर त्याचाच गळा चिरला जातो. ज्या यंत्रणेने हसवलं, तीच मारते. तुमच्या संहितेत नियम नुसतेच बोलले जात असणार.

अंधारकोठडी: दुसरी वाट दिग्दर्शक हानेकेच्या 'फनी गेम्स' (१९९७) ची. घरातच ओलीस धरलेली अ‍ॅना एका हल्लेखोराला गोळी घालते. दुसरा रिमोट शोधून चक्क चित्रपटच मागे नेतो आणि या खेपेला बंदूक आधीच हिसकावतो. हे खपतं, कारण त्याआधीच तो कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारतो, प्रेक्षकांशी बोलतो. ती पेरणी नसती तर निव्वळ फसवणूक वाटली असती. शिवाय ही युक्ती एकदाच. पुन्हा मागे नेलंत तर मरणाला वजनच उरत नाही.

निशाचर: माझ्याकडे असं तीनदा आहे.

अंधारकोठडी: दोन कापा. उरलेल्याची पेरणी पहिल्या पाच पानांत करा.