पुण्यात एसी ही चैन आहे का? एका सदस्यांच्या विधानाला सविस्तर उत्तर

वडगावशेरीकर (धागाकर्ता):
काल येथे 'नारायणपेठी' यांनी लिहिले की पुण्याच्या हवेत एसी बसवणे ही चैन असून, चैन करणाऱ्यांनी वीजबिलाचे रडगाणे गाऊ नये. त्यांचे बालपण वाड्यात टेबलफॅनवाचून सुखाने गेले. हे वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही. वाड्याच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या असत आणि मधल्या चौकातून हवा खेळत असे. मी कर्ज काढून घेतलेली सदनिका सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, तिच्या बाहेरच्या भिंती सहा इंची आहेत आणि पश्चिमेची बाजू जवळजवळ पूर्ण सरकत्या काचांची आहे. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटली तरी खोलीत उष्णता सोडत राहतो. वेधशाळेच्या नोंदींतही जुन्या पेठांजवळचे शिवाजीनगर आणि पूर्वेकडच्या नव्या वस्तीतले मगरपट्टा यांच्या उन्हाळी रात्रीच्या तापमानात कित्येक अंशांचा फरक दिसतो. नारायणपेठींचे पुणे आणि माझे पुणे यांची रात्र एक नाही. विकासकाने भिंतीत आणि छतात जो पैसा वाचवला, तो आम्ही दरवर्षी मार्च ते जून वीजबिलातून भरतो, आणि त्याला चैन म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

नारायणपेठी:
उष्णता आपल्या पिढीने शोधलेली नाही. ३० एप्रिल १८९७ रोजी पुण्यात ४३.३ अंशांची नोंद झाली होती आणि तेव्हा एसी नव्हता. एप्रिल-मे महिन्यांत येथील हवा कोरडी असते, त्यामुळे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उत्तम चालतो आणि त्याला एसीच्या तुलनेत फारच थोडी वीज लागते. माझी खरी तक्रार वेगळी आहे. शेजाऱ्यांनी बाहेरचे युनिट माझ्या खिडकीसमोर लावले असून त्यांच्या घरातली उष्णता रात्रभर माझ्या घरात येते. त्या खर्चाचा हिशेब कोणी मांडायचा?

कोथरूडची_वाचक:
कूलरची शिफारस करणाऱ्यांनी जूनमध्ये दमट हवेत त्यासमोर झोपून पाहावे. माझ्या सासूबाईंना दम्याचा विकार आहे आणि कूलरच्या ओलाव्याने त्यांची रात्र बसून जाते. एसी घेतला, तर महिन्याला ३०० युनिट ओलांडताच सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. मध्यमवर्गाने करायचे तरी काय?

शीतयंत्र_दुरुस्ती:
मी या व्यवसायात आहे, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो. वरचा दर फक्त त्या टप्प्यातील युनिटांना लागतो, सगळ्यांना नाही. मात्र १०० युनिटांनंतर वीज आकार, म्हणजे दर युनिटची किंमत, दुपटीहून अधिक होतो आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क चढते, त्यामुळे बिल फुगते हे खरेच आहे. दुसरे म्हणजे, एसीवरच्या वीजबचतीचे तारे दाखवणाऱ्या लेबलवर छापलेला वार्षिक वीजवापर १६०० तासांचा असतो. पुण्यात दोन-तीन महिने आणि फक्त रात्री एसी लावणाऱ्याचे तास त्याच्या निम्मेही होत नाहीत, तेव्हा पाच तारे घेऊन किती वाचेल याचे गणित दुकानदार सांगतो तसे नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण जानेवारी २०२६ पासून तारांकनाचे निकष कडक झाले, त्यामुळे जुन्या आणि नव्या ताऱ्यांची तुलना करू नये. आणि दरवर्षी गॅस भरायला सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. गॅस बंद नळ्यांत फिरत असतो, तो संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे, ती आधी शोधायला हवी.

वडगावशेरीकर:
शेवटचा मुद्दा प्रत्येकाने लिहून ठेवावा. आमच्याकडे येणारा कारागीर गळती न तपासता सलग गॅस भरत राहिला आणि दर उन्हाळ्यात पैसे घेत राहिला. पण माझा आग्रह आता छताविषयी आहे. गच्चीवर पांढरा परावर्तक लेप दिला किंवा चायना चिप (पांढऱ्या चिनीमातीच्या फरशीचे तुकडे) बसवली, तर खालची खोली थंड राहते आणि एसी कमी वेळ चालतो. सोसायटीने मात्र नकार दिला.

सचिव_सिंहगडरोड:
नकार योग्यच आहे. पहिल्या मजल्यावरील सभासदाने वरच्या मजल्याच्या थंडाव्यासाठी पैसे का द्यावेत? वरचा मजला आपण मोकळ्या हवेसाठी आणि दृश्यासाठी निवडला. त्याचे चटके सोसायटीवर लादू नयेत.

वडगावशेरीकर:
गच्ची सामाईक मालमत्ता आहे. तिच्यातून पाणी गळले तर दुरुस्तीचा खर्च सोसायटी करते आणि तेथे तळमजल्याचा सभासद आक्षेप घेऊ शकत नाही. पाऊस आत आला तर सर्वांची जबाबदारी आणि ऊन आत आले तर माझ्या एकट्याची, हा न्याय कोणत्या उपविधीत लिहिला आहे?

सचिव_सिंहगडरोड:
गळतीने सळया गंजतात आणि इमारत धोक्यात येते. उकाड्याने येत नाही. सर्वसाधारण सभेला पंधरा माणसे येत नाहीत, पार्किंगवरून शिव्या खाव्या लागतात, पगार शून्य असतो, आणि वर आपण आम्हाला न्याय शिकवता. एक वर्ष सचिव होऊन दाखवा.

कोथरूडची_वाचक:
सचिव महाशय, कोणाच्या घरी आजारी माणूस घामाने भिजत पडले असताना 'इमारत धोक्यात येत नाही' हे उत्तर मला फार कठोर वाटते. तापून प्रसरण पावणाऱ्या स्लॅबला भेगा पडतात आणि त्याच भेगांतून पुढे पाणी येते, हे आमच्या इमारतीत आम्ही पाहिले आहे.

नारायणपेठी:
भेगांचा मुद्दा मला मान्य करावा लागतो, जरी एसीविषयीचे माझे मत बदललेले नाही. लेपाऐवजी सौर पॅनेल बसवा. त्यांच्या सावलीने स्लॅब कमी तापतो आणि सोसायटीच्या सामाईक विजेसाठी केंद्राच्या सूर्यघर या छतावरील सौरऊर्जेच्या योजनेत किलोवॅटला १८,००० रुपये अनुदानही आहे. मग पहिल्या मजल्यालाही लिफ्ट आणि पंपाच्या बिलातील बचतीत वाटा मिळेल.

सचिव_सिंहगडरोड:
पॅनेलचा विषय सभेपुढे ठेवता येईल, कारण त्यात सर्वांचा लाभ दाखवता येतो. उरलेल्या मोकळ्या गच्चीला लेप हवा असेल, तर निम्मा खर्च वरच्या मजल्याने द्यावा. यापेक्षा अधिक मी कबूल करणार नाही.

वडगावशेरीकर:
निम्मा खर्च मी देणार नाही, कारण दुरुस्ती निधीत मी इतरांइतकीच रक्कम भरतो. पुढच्या पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग करावेच लागणार आहे. त्याच निविदेत पांढऱ्या थराचा दर वेगळा मागवा आणि तो आकडा सभेत वाचून दाखवा. मतदान त्यानंतर होऊ द्या.