नागपूर ते कन्याकुमारी, दोन सायकली, एकीला २५ हजार: कोणती घ्यावी?

दिघोरीचा_बाबू
नमस्कार मंडळी. मी आणि माझे साडू जानेवारीत झिरो माइलपासून कन्याकुमारीला सायकलने जायचं ठरवून बसलोय. हैदराबाद, कर्नूल, बंगळूर, मदुराई असा ४४ नंबर हायवे धरून साधारण १७०० किलोमीटर. दिवसाला ८०-९० जमले तर वीसेक दिवस. माझं वय ४३, साडूंचं ५१. सध्याचा सराव म्हणजे फुटाळा तलावाला दोन चकरा. बजेट सायकलीमागे २५ हजार. वर एक रुपया नाही, घरून तशी ताकीद आहे. सायकल कोणती घ्यावी, सोबत काय न्यावं?

कार्बन_किरण
८५ हजाराच्या खाली बघूच नका. माझी १ लाख १० हजाराची आहे, एका हाताने उचलतो. मागच्या रविवारी रामटेक दोन तासांच्या आत मारलं.

दिघोरीचा_बाबू
दादा, २५ म्हटलं होतं.

कार्बन_किरण
ईएमआयवर घ्या ना मग.

बुटीबोरी_शिफ्टवाला
किरणभाऊ, सायकल उचलाची आहे का चालवाची? रेसिंगच्या बहुतेक फ्रेमले मागं कॅरिअर लावाले भोकंच नसतात. सामान काय डोक्यावर नेतीन हे?
बाबूभाऊ, हायब्रिड घ्या, म्हंजे रेसिंग अन् माउंटन सायकलीच्या मधली. स्टील नाहीतर अलॉय. कॅरिअरची भोकं आहेत का ते दुकानातच पाहून घ्या आणि टायर ३५ मिलिमीटरच्या वर असू द्या. मी रोज बुटीबोरीला सायकलनं जातो. हायवेच्या कडेला ट्रकचे फुटलेले टायर पडलेले असतात, त्यातली तार केसाएवढी बारीक. टायरमध्ये घुसून बसते अन् दिसत नाही. मी एकदा नवीन ट्यूब टाकली, शंभर पावलं गेलो की फुस्स. दुसरी टाकली, तेच. पंक्चर झालं की टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, तार असंन तिथं कापूस अडकते. बोटानं चाचपू नका. मी चाचपलं होतं.

तर्रीबाज
सर्वात महत्त्वाचं राहूनच गेलं. निघायच्या दिवशी सकाळी तर्री पोहे खाऊ नका. अनुभवाचे बोल आहेत, जास्त विचारू नका.

महालची_पोर
तर्रीला बोल लावायचा नाही. तुमचं पोट कच्चं असेल.

तर्रीबाज
पोट पक्कं आहे बाप्पा. त्या दिवशी सीट कच्ची होती.

सात_नंबरवाले_काका
आम्ही दोघे मित्र १९९४ साली याच रस्त्याने गेलो होतो. तेव्हा हा ७ नंबरचा हायवे, वाराणसी ते कन्याकुमारी. काळी सायकल, गिअर नाही, हेल्मेट नाही, मोबाईल तर नाहीच.

महालची_पोर
काका, नंबर २०१० लाच बदलले. आता श्रीनगर ते कन्याकुमारी ४४ आहे.

सात_नंबरवाले_काका
रस्ता बदलला का? मग. असो, बाबूराव, सायकलीचं सोडा, सोबतीचं ऐका. मी तरणा होतो, मित्राचा दम कमी. मी पुढे जाऊन झाडाखाली थांबायचो. तो घामाघूम होऊन पोचला की मी लगेच उठायचो, कारण माझी विश्रांती झालेली असायची. त्याची व्हायचीच नाही. कर्नूलच्या अलीकडे त्याने भर रस्त्यात सायकल आडवी टाकली आणि म्हणाला, तू जा कन्याकुमारीला, मी एसटीने घरी जातो. आंध्रात एसटी! पुढचे दोन दिवस आम्ही खानावळवाल्याशी बोलत होतो, एकमेकांशी नाही. तेव्हा ज्याचा दम कमी, त्याला पुढे ठेवायचं. वेग त्याने ठरवायचा.

बुटीबोरी_शिफ्टवाला
काकांचं बरोबर आहे. अन् टायर ३५ च्या वर, हे मी आधीच सांगितलं.

ट्युबलेस_टिनू
ट्युबलेस करून घ्या, पंक्चरची कटकटच संपते.

बुटीबोरी_शिफ्टवाला
अन् आदिलाबादच्या पुढं टायर चिरलं तं त्यातला भोक बुजवाचा चीक कोणाकडून भरून घेतीन? काहून लोकायले फसवून राहिला बे?

हिंगणघाटची_सून
मी आणि माझी नणंद दोन वर्षांपूर्वी बंगळूरपर्यंत जाऊन आलो, म्हणून लिहिते.
दोघांच्या सायकली एकाच मापाच्या टायरच्या घ्या आणि व्हॉल्व्हही एकच असू द्या. मग दोघांत तीन जादा ट्यूब आणि एक पंप पुरतो. आमच्या दोघींची मापं वेगळी होती, त्यामुळे सगळं दुप्पट वाहिलं. हायब्रिडला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पन्नास रुपयांच्या आत मिळणारं पितळी अडॅप्टर किल्लीच्या जुडग्यातच अडकवा, नाहीतर पेट्रोल पंपावरची हवा भरता येत नाही.
गिअर लागतातच. कर्नूलची समुद्रसपाटीपासून उंची ३०० मीटरपेक्षाही कमी आणि बंगळूरची ९०० च्या वर. एकही घाट असा वाटत नाही, पण चढ संपतही नाही. पुढे धर्मपुरी ते सेलम मध्ये तोप्पूरचा घाट तुम्हाला उतार लागेल. ट्रकचे ब्रेक तिथेच जातात, तेव्हा तो दिवसाउजेडी आणि कडेकडेने उतरा.
पॅडची चड्डी घ्या आणि तिच्या आत दुसरी चड्डी घालू नका. शिवण घासते आणि तिसऱ्या दिवशी बसवत नाही. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.
जानेवारी चांगला. तमिळनाडूचा पाऊस डिसेंबरपर्यंत असतो. फक्त संक्रांत होऊन जाऊ द्या. आपल्याकडे नायलॉन मांजा काय करतो ते सांगायला नको.

इतवारी_पार्सल
येताना हिमसागर एक्स्प्रेस नागपूरला थांबते, पण आठवड्यातून एकच दिवस. तो वार धरून पोचा. सायकल पार्सलच्या डब्यात जाते. पेडल काढा, हँडल आडवं करा, बारदानात गुंडाळा आणि नाव-पत्ता दोन ठिकाणी लिहा.

कार्बन_किरण
परत सांगतो, वजन हेच सगळं असतं.

महालची_पोर
तुमचं किती आहे? सायकलीचं नाही विचारत.

दिघोरीचा_बाबू
सगळ्यांचे आभार. खरेदी झाली. मी हायब्रिड घेतली, २४,८०० ला, २१ गिअर, प्रेस्टा व्हॉल्व्ह. साडूंना म्हटलं तशीच घ्या. तर ते गुपचूप इतवारीत जाऊन काळी, बिनगिअरची, २८ इंची घेऊन आले. स्टँड, घंटी, डायनामो सगळं धरून दहाच्या आत. म्हणाले गिअर बिघडतात, आणि या ट्यूबा गावोगाव मिळतात. निघायचं १२ जानेवारीला. संक्रांतीनंतर म्हटलं होतं मी, पण त्यांनी पंचांग पाहिलंय. आता बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, बोलणार काय?

हिंगणघाटची_सून
प्रेस्टाचा पंप त्यांच्या काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हलाही चालतो, तेवढं तरी वाचलं. ट्यूबा मात्र दोन प्रकारच्या घ्या. आणि शहराबाहेर पडेपर्यंत गळ्याला जाड दुपट्टा, दोघांनीही.

बुटीबोरी_शिफ्टवाला
भोकं पाहिली होती ना भाऊ? कॅरिअर कोणतं लावलं?

दिघोरीचा_बाबू
माझ्या सायकलीला भोकंच नाहीत. साडूंच्या सायकलीला कंपनीचंच लोखंडी कॅरिअर आहे. दोघांचं सामान त्यांच्यावर. सात नंबरवाल्या काकांनी सांगितलं तसं पुढे तेच राहतील.