नॉर्वेने हात टेकले नव्हते

‘डेन्मार्कप्रमाणे नॉर्वेनेही एका दिवसात हात टेकले’ असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने दोन्ही देशांवर हल्ला केला, तेव्हा डेन्मार्कने 9 एप्रिल 1940 ला काही तासांतच शरणागती पत्करली. नॉर्वे 10 जूनपर्यंत लढला.

राजधानी ऑस्लोच्या खाडीत, बेटावर असलेला ऑस्कार्सबोर्ग किल्ला बघा. तोफा 28 सेंटीमीटरच्या, क्रुप या जर्मन कंपनीच्या बनावटीच्या, 1890च्या दशकातल्या. गोलंदाज बहुतेक नवशिके. एकदा डागलेली तोफ पुन्हा भरायला वेळच मिळणार नव्हता, म्हणून किल्ल्याचे प्रमुख कर्नल एरिकसन यांनी ‘ब्लूशर’ या जर्मन युद्धनौकेला अगदी जवळ येऊ दिलं. दोनच गोळे सुटले, दोन्ही लागले. मग बेटाच्या पोटातल्या बोगद्यातून, पाण्याखालून सोडलेले जुने टॉर्पेडो बसले आणि जहाज बुडालं. त्या काही तासांत राजा, सरकार आणि संसद रेल्वेने उत्तरेकडच्या हामार शहरात निसटले. नॉर्वेच्या मध्यवर्ती बँकेचं सुमारे 50 टन सोनंही राजधानीबाहेर गेलं.

घोळ झाला तो सैन्यभरतीत. सरकारने फक्त अंशतः भरती पुकारली, आणि तीही टपालाने! हजर व्हायची तारीख 11 एप्रिल. तोवर बंदरं, विमानतळ आणि कित्येक शस्त्रागारं जर्मनांच्या हाती पडली होती. शौर्य कमी पडलं नाही, आदेश उशिरा निघाला.