नवीन ब्लेड टाकूनही वायपर थडथडतोय, आणि मधेच अडकतोय पण

पाऊसपाणी :
नमस्कार मंडळी. गाडी सात वर्षं जुनी हॅचबॅक, पुण्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये असते. जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आधीच शहाण्यासारखे दोन्ही वायपरचे ब्लेड बदलून घेतले, दुकानदाराने "सगळ्या गाड्यांना बसतात साहेब" म्हणून दिलेले, सोबत प्लास्टिकच्या क्लिपांची पुडी. चार दिवस बरे चालले आणि नंतर जे काय सुरू झालंय ते विचारू नका. ड्रायव्हर साइडचा वर जाताना थड थड थड करत उड्या मारत जातो, काचेवर झेब्र्यासारखे पट्टे, आणि खाली येताना मात्र गुपचूप येतो. भुरभुर पाऊस असला की वर कर्रर्र आवाज, मागे बसलेली लेक कान झाकून घेते.

मागच्या रविवारी ताम्हिणीत धुकं आणि पाऊस दोन्ही एकदम, समोरून एसटी आली आणि नेमका त्याच वेळी वायपर काचेच्या मध्यावर जाऊन थांबला, एक दोन सेकंद तसाच, मग हळूहळू परत. बायको तेव्हापासून घाटाचं नाव काढू देत नाहीये. गॅरेजवाला गाडीतून न उतरताच म्हणाला मोटर गेली, साडेचार हजार. खरंच मोटर असेल का? आणि मोटरचा त्या थडथडीशी काय संबंध?

कर्वेनगरी :
मोटरला हात लावू नका अजून. तुमच्या एकाच पोस्टमध्ये तीन वेगळे आजार आहेत असं दिसतंय. कर्रर्र वेगळं, थडथड वेगळी, अडकणं वेगळं. आधी सगळ्यात स्वस्त गोष्ट करा, काच धुवा. शाम्पू मारून पाणी ओतणं म्हणजे धुणं नव्हे. हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बोटं काचेवरून फिरवा, नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारी काच पिशवीतून पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागेल. डिझेलच्या धुराचा चिकट थर, गाडी धुणाऱ्याने बॉनेटला मारलेलं पॉलिश थोडं काचेवर, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, सगळं तिथे बसलेलं असतं. रबर त्या थरावर सरकत नाही, चिकटतं, सुटतं, परत चिकटतं, तोच आवाज येतो.

एक विचारायचं राहिलं, गाडी झाडाखाली असते का?

पाऊसपाणी :
हो, भल्यामोठ्या रेन ट्रीखाली! उन्हाळ्यात काचेवर बारीक चिकट थेंब पडलेले असतात रोज.

कर्वेनगरी :
मग सापडला एक चोर. ते झाडावरच्या किड्यांचं चिकट असतं, साखरेच्या पाकासारखं, वर धूळ बसली की नुसत्या कपड्याने निघत नाही. गरम पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड याने आधी थर मऊ करा, मग पांढरा व्हिनेगर निम्मं पाणी घालून पांढऱ्या डागांवर, फक्त काचेवर बरं का, पत्र्याच्या रंगावर ओघळू देऊ नका. तरी खरखर राहिली तर डिटेलिंगवाल्यांकडे क्ले बार मिळतो, मातीच्या गोळ्यासारखा, साबणाच्या पाण्यात बुडवून काचेवरून फिरवायचा. शेवटी मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट कपड्यावर घेऊन रबराची कड पुसा, दोन तीन वेळा, काळं यायचं कमी होईपर्यंत.

आणि वॉशरच्या टाकीत भांड्यांचं लिक्विड ओतलं असेल तर काढून टाका, फेस होतो, वाळला की परत तोच थर.

नाव_नको :
रबराला थोडं रॉकेल नाहीतर खोबरेल लावा, आवाज जागेवर बंद. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच करतात.

सटाण्याचा_पाना :
नाव_नको भाऊ, नका सांगू लोकांना असं. रॉकेलने रबर फुगतं आणि पोळीसारखं मऊ पडतं, आवाज दोन दिवस बंद होतो हे खरं पण नंतर कड लाटेसारखी होते. खोबरेल तर रात्री समोरून लाइट आला की कळेल, अख्खी काच दुधासारखी दिसते. तो गंज काढायचा स्प्रे पण ब्लेडवर मारतात लोक, तोही नको, तो नटबोल्टांसाठी.

आता पाऊसपाणी दादांच्या थडथडीवर येतो, माझा आवडता विषय आहे हा, गॅरेजमध्ये बसून पंधरा पावसाळे झाले. वर जाताना उड्या आणि खाली येताना गप्प, म्हणजे एकाच दिशेला त्रास. दोन्ही दिशेला असता तर म्हणालो असतो काच घाण किंवा रबर कडक झालंय. एकाच दिशेला असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा आर्म, म्हणजे ब्लेड धरणारा लोखंडी हात, पिळलेला असतो.

बघा कसं असतं, रबराची कड काचेवर झाडूसारखी चालली पाहिजे. झाडू मारताना काड्या मागे वाकलेल्या असतात ना, तसं रबर ज्या दिशेला चाललंय त्याच्या मागे वाकून घसटत यायला पाहिजे, आणि शेवटाला पोचलं की पलटी खाऊन दुसऱ्या बाजूला वाकायला पाहिजे. आर्म जरा तिरका झाला की रबर आधीच एका बाजूला कललेलं असतं. मग एका दिशेला मस्त घसटत येतं आणि दुसऱ्या दिशेला झाडूच्या काड्या उलट्या धरून रेटल्यासारखं होतं, कड काचेत रुतते, उडी मारते, परत रुतते. म्हणून पट्टे. ब्लेड कितीही नवीन टाका, काही फरक पडणार नाही.

तपासायला वायपर चालू करून मध्यावर आला की चावी बंद करा, तिथेच थांबेल. मग बाजूने डोळा काचेच्या पातळीला नेऊन बघा, ब्लेड काचेवर सरळ उभं आहे का एका बाजूला झुकलंय. झुकलेलं दिसलं तर ब्लेड काढून ठेवा, काचेवर जाड टॉवेलची घडी घाला (ही पायरी खाऊ नका, नुसता लोखंडी आर्म स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटला की काच गेली, आमच्याकडे एक गिऱ्हाईक असंच रडत आलेलं) आणि आर्मच्या चपट्या टोकाला कापड गुंडाळून दोन पकडींनी धरा, एकीने घट्ट धरून ठेवायचं आणि दुसरीने अगदी किंचित पिळायचं. किंचित म्हणजे डोळ्याला दिसेल न दिसेल इतकंच. ब्लेड लावा, पाणी मारा, बघा, परत करा. दोन तीन खेपा लागतात. एका झटक्यात सरळ करायला गेलात तर उलट्या दिशेला थडथडायला लागेल, मग मला शिव्या देऊ नका.

आर्म पिळला कसा हे पण सांगतो. सकाळी गाड्या पुसणारा पोरगा काच पुसताना ब्लेडला धरून आर्म ओढतो, रोज. त्याची चूक नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

चिपळूणची_माहेरवाशीण :
सटाण्याचा_पाना, झाडूचं उदाहरण एकदम पटलं! माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, कुंभार्ली घाट रोजचा. तेव्हाच्या गाड्यांचे वायपर म्हणजे देवाची इच्छा. बाबांच्या खिशात तंबाखूची पुडी असायची, खायला नाही हां, वायपर बंद पडला की उतरून ओली तंबाखू काचेवर खसाखसा चोळायचे. पाणी थेंबाथेंबाने न साठता पातळ पापुद्र्यासारखं वाहून जायचं आणि निदान रस्ता तरी दिसायचा. बटाटा कापून चोळणारे पण होते. आई म्हणायची घरात भाजीला नाही आणि तुम्ही काचेला लावताय. हा काही इलाज नाही पण रात्री अकराला घाटात मधोमध बंद पडलं तर लक्षात असू द्या, हळूहळू पुढचं गाव गाठता येतं.

आता नवऱ्याच्या गाडीला कोणीतरी काचेवर पाणी न थांबायचं कोटिंग मारून दिलंय आणि तेव्हापासून आमचाही वायपर थरथरतो, त्याचं काय?

कर्वेनगरी :
त्याचं हेच, कोटिंग तुमच्या बाबांच्या तंबाखूच्या बरोब्बर उलटं काम करतं. पाणी थेंब होऊन पळून जातं, मग वायपरखाली ओल उरत नाही आणि रबर कोरड्या काचेवर चालतं. हायवेला ऐंशीच्या पुढे वाऱ्याने थेंब उडतात तेव्हा वायपर बंद ठेवायचा म्हणूनच ते असतं. शहरात ट्रॅफिकमध्ये त्याचा त्रासच. नीट घासून पुसलं नसेल तर थर पण जाड राहतो. एकदा काढून टाका.

अवांतरवाला :
अवांतर : वायपरचं पेटंट एका बाईंच्या नावावर आहे, अमेरिकेतल्या मेरी अँडरसन, 1903 साल. ड्रायव्हरने आतून दांडा हलवायचा आणि बाहेर रबराची पट्टी काचेवर फिरायची. म्हणजे एकशेवीस वर्षं झाली आणि आपण अजून रबराची पट्टी काचेवर का थडथडतेय हेच बोलतोय. चालू द्या.

पाऊसपाणी :
अपडेट देतो. शनिवारी अख्खी सकाळ काच घासली. पिशवीची ट्रिक भारी आहे, खरंच पॉलिश पेपर. क्ले बार फिरवल्यावर गोळा तपकिरी झाला, बघून लाज वाटली. कर्रर्र आवाज जवळजवळ गेला. मग आर्म बघितला तर सटाण्याच्या दादांनी सांगितलं तसाच खाली झुकलेला, आणि दुकानदाराने लावलेली क्लिप पण हलत होती, ब्लेड हाताने डुगडुगतंय. क्लिप दुसरी बसवली आणि आर्म चार खेपांमध्ये सरळ केला. तिसऱ्या खेपेला उलट्या दिशेला थडथडायला लागला होता, पण शिव्या नाही दिल्या.

मधेच मंदावतो ते मात्र आहेच. मोटर का?

सटाण्याचा_पाना :
आता वायपर पूर्ण खाली येऊन थांबू द्या, काचेवर चिकटपट्टीने ब्लेडची जागा खूण करा, आर्मच्या बुडाची टोपी उघडून नट काढा आणि दोन्ही आर्म उतरवा. नुसत्या ओढण्याने येत नाहीत, दात्यांमध्ये गंज असतो, गंज काढायचा स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा आणि डावीउजवीकडे हलवत काढा, हातोडी नको. आता आर्मशिवाय वायपर चालू करा. आर्म ज्यांवर बसतात त्या खुंट्या झटपट फिरल्या तर मोटर आणि लिंकेज (मोटरचा जोर खुंट्यांपर्यंत नेणाऱ्या लोखंडी पट्ट्या) दोन्ही ठीक. तरीही रडत फिरल्या तर काचेखालची काळी प्लास्टिकची जाळी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा (त्या पट्ट्यांमध्ये बोट सापडलं तर मोटर विचारत बसत नाही) आणि लिंकेजचा दांडा मोटरपासून सोडवून हाताने हलवून बघा. हलका फिरला तर मोटर बघू. जड फिरला तर मोटरचा दोष नाही, खुंट्या ज्या नळीत फिरतात तिथलं ग्रीस वाळून खडू झालंय. मोटर बिचारी जोर लावून लावून तापते, मग एक दिवस खरंच जळते आणि लोक म्हणतात बघा मोटरच होती.

पाऊसपाणी :
जाळी काढली आणि खाली कंपोस्ट खत! रेन ट्रीची पानं, शेंगा, काळा चिखल, पाणी जायचं भोक बंद, सगळं पाणी तिथेच साठून राहायचं. दांडा दोन्ही हातांनी पण हलेना. कोपऱ्यावरच्या दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली, त्याने खुंट्या बाहेर काढून घासल्या, ग्रीस भरलं, साडेतीनशे रुपये घेतले. मोटर तीच. काल संध्याकाळी सिंहगड रोडला धो धो पावसात दोन तास अडकलो, एकदाही अडकला नाही.

फक्त आता डाव्या वायपरचं बाहेरचं टोक काचेला पूर्ण टेकत नाही, तिथे चंद्रकोरीएवढा भाग ओला राहतो.

सटाण्याचा_पाना :
काच कडेला जास्त वळलेली असते आणि सगळ्या गाड्यांना बसणाऱ्या ब्लेडचा बाक तेवढा नसतो. जुने ओरिजिनल ब्लेड टाकले नसतील तर हातात घेऊन दुकानात जा, लांबी आणि बाक दोन्ही लावून बघा. दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असते, जोडी म्हणून एकाच मापाचे घेऊ नका.

पाऊसपाणी :
जुने भंगारवाल्याला दिले. मॅन्युअल शोधतो.