६५ च्या पुढच्या खात्यांना बँकेनेच कुलूप लावून द्यावं की नाही? (आईचे ४० हजार गेले, डोकं फिरलंय)

कंदीपेढा

आधी काय झालं ते सांगतो मग भांडू. आई ७१ वर्षांची, कराडजवळ गावी एकटी राहते, वडलांची फॅमिली पेन्शन येते त्यावर तिचं चालतं. एटीएम कार्ड नाही, स्मार्टफोन नाही, त्यामुळे "ओटीपी कुणाला दिला होता का" हा सगळ्यांचा लाडका प्रश्न इथे बादच. मागच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणून तिला पुण्याला आणली, तीन आठवडे माझ्याकडे होती, परत गेल्यावर पासबुक भरायला दिलं तर लागोपाठ चार दिवस दहा-दहा हजार गेलेले. चारही एन्ट्र्या एईपीएसच्या, म्हणजे आधार नंबर आणि अंगठा लावून काढलेले. आणि त्या चारही दिवशी आई माझ्या घरी, डोळ्यावर पट्टी!

ब्रांचमध्ये गेलो तर साहेब म्हणतात, अंगठा तुमच्या आईचाच मॅच झालाय, सिस्टीम खोटं बोलत नाही. मेसेज का आला नाही म्हटलं तर म्हणे गेलेत ना मेसेज. कुठल्या नंबरवर? तर वडलांच्या. वडील २०२२ ला गेले, सिम बंद पडलं, तो नंबर कंपनीने दुसऱ्याला देऊन टाकला. मी लावला तो नंबर. एका पोराने उचलला, म्हणतो, "हां, आते हैं बँक के मेसेज, मैं डिलीट कर देता हूँ."

तर माझं म्हणणं सरळ आहे. ६५ वर्षं पूर्ण झाली की त्या खात्यावर एईपीएस, यूपीआय, नेटबँकिंग सगळं मुळातच बंद हवं, ज्याला पाहिजे त्याने अर्ज करून चालू करून घ्यावं. दहा हजारांच्या वर रक्कम असेल तर २४ तास थांबवा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नंबरवर मेसेज गेलाच पाहिजे. आज उलटं आहे, सगळं उघडं आणि बंद करायला आपण धावायचं.

पेन्शनर ७४

तुमच्या मातोश्रींचं झालं ते वाईटच, पैसे परत मिळालेच पाहिजेत. पण हा उपाय मला अजिबात मान्य नाही. मी ७४ चा आहे, वीज मंडळात ३४ वर्षं हिशेब ठेवलेत, आजही लाइट बिल, गॅस, नातीची फी सगळं यूपीआयने भरतो. आता मला २० हजार काढायचे तर पोराच्या मोबाइलवर मेसेज जाणार आणि तो ऑफिसातून फोन करणार, "बाबा कशाला हवेत?" हे कुठल्या हिशेबात बसतं?

आणि "घरातला दुसरा माणूस" म्हणता तो कोण हेही सांगा. आमच्या कट्ट्यावर सकाळी नऊ जण बसतो. त्यातल्या एकाचे पैसे चोरीला गेले हे सगळ्यांना माहीत आहे, कुणी काढले हेही माहीत आहे, आणि तो बिचारा तक्रार करत नाही कारण एटीएम कार्ड आणि पिन सुनेकडे असते. अशांच्या खात्याला कुलूप लावून किल्ली कोणाला देताय ते आधी बघा. चोर बाहेरचा असला तर निदान पोलिसात तरी जाता येतं.

चहाबाज

काकांना +१००. आमच्याकडे मामाने आजीची एफडी मोडली होती, सही आजीचीच, "कागदावर सही कर" म्हणून घेतलेली. बँकेच्या लेखी सगळं रीतसर.

काउंटर नंबर ४

बँकेतच आहे, कुठली ते विचारू नका. दोन्ही बाजूंनी शिव्या आम्हीच खातो म्हणून लिहितो.

गेल्या वर्षी एक आजोबा आले, एफडी मोडा म्हणाले, साडेअकरा लाख, मुदत संपायला दोन महिने राहिलेले. फोन शर्टाच्या खिशात, चालू, स्क्रीनचा उजेड कापडातून दिसत होता. मी विचारलं काका एवढी घाई का, तर खिशाकडे बघून म्हणाले, "फ्लॅट घेतोय." कुठे घेताय म्हटलं तर उत्तर नाही. मी एका चिठ्ठीवर लिहिलं, "फोनवर पोलीस आहे का?" आणि स्लिपसोबत सरकवलं. त्यांनी वाचलं आणि त्यांचा हात असा थरथरायला लागला की पेन खाली पडलं. डिजिटल अरेस्ट, म्हणजे नकली पोलीस फोनवरून अटकेची भीती घालून पैसे उकळतात ते. दोन दिवस घरात कोंडून घेतलं होतं स्वतःला, बायकोलाही सांगितलं नव्हतं. मोदींनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये या प्रकारावर सांगितलं होतं, तेही त्यांनी ऐकलेलं, तरी अडकले.

हा एक वाचला. पण त्याच महिन्यात मी असंच एका बाईंना विचारलं तर त्यांनी मॅनेजरकडे माझी तक्रार केली, माझ्या पैशांची चौकशी करणारी ही कोण म्हणून. मग सांगा, विचारायचं की नाही? २४ तास थांबवायचा नियम असला तर निदान मला सांगता येईल की नियम आहे हो, माझ्या हातात नाही. मी कंदीपेढा यांच्या बाजूने.

दस्तुरखुद्द

इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. कंदीपेढा यांच्या आईने काहीच केलेलं नाही, तिच्या नकळत पैसे काढले गेले. डिजिटल अरेस्टमध्ये माणूस घाबरून का होईना स्वतःच्या हाताने पाठवतो. कायद्यात या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिल्या प्रकारासाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मूळ ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातला. बँकेची चूक असेल तर तुम्ही कळवा न कळवा, तुमची जबाबदारी शून्य. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुठल्यातरी यंत्रणेची असेल आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तरीही शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांचा फटका, त्यापुढे बँकेच्या धोरणाप्रमाणे. आणि हे दिवस मोजायचे ते बँकेची सूचना तुम्हाला मिळाल्यापासून! तुमच्या आईला सूचना मिळालीच नाही, पासबुक भरलं तेव्हा कळलं, मुद्दा तिथून धरा. तक्रार केल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने तात्पुरती रक्कम खात्यात टाकायची, ९० दिवसांत निकाल लावायचा, आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे. साहेबांचं "सिस्टीम खोटं बोलत नाही" हा पुरावा नव्हे. याच परिपत्रकाच्या आधारावर जून २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका सरकारी बँकेला ७६ लाखांहून जास्त रक्कम ग्राहकाला परत करायला लावली.

म्हणून माझा कुलपाला विरोध आहे. आहे तो नियम पाळायला लावा. कुलूप लावलं की उद्या बँक म्हणेल, कुलूप होतं ना, तुम्हीच उघडलंत.

कंदीपेढा

तात्पुरती रक्कम टाकायची असते?? ब्रांचमध्ये एकाने अवाक्षर काढलं नाही. पण एक गोष्ट बँक धरून बसेल ना, की नंबर बदलला ते कळवलं नाही ही चूक आमचीच.

दस्तुरखुद्द

धरेल. पण वडील गेल्यावर फॅमिली पेन्शन चालू करताना मृत्यूचा दाखला याच ब्रांचला दिलात ना? म्हणजे ज्याच्या नंबरवर मेसेज पाठवतोय तो माणूस हयात नाही हे बँकेला लेखी माहीत होतं. त्या अर्जाची पोच शोधा.

सीएसपीवाला

मी गावात बँक मित्र आहे, अंगठ्याचं मशीन चालवतो. सगळे आम्हाला चोर म्हणतात म्हणून लिहितो. आमच्या गावापासून बँक १९ किलोमीटर, एसटी दिवसातून दोन वेळा. श्रावणबाळ आणि निराधारचे १५०० रुपये आले की पहाटेपासून म्हाताऱ्या माझ्या ओट्यावर येऊन बसतात. तुम्ही पुण्यात बसून म्हणता एईपीएस बंद करा. मग त्यांनी १५०० काढायला १९ किलोमीटर जायचं का? अर्ज करून चालू करा म्हणता, अर्ज कोण लिहिणार, मीच लिहिणार ना, मग कुलूप काय कामाचं राहिलं!

पण खोटं का बोलू, आमच्यात पण नग आहेत. भांडी घासून, शेण काढून म्हातारीचे ठसे पार गुळगुळीत झालेले असतात, चार-चार वेळा लावावं लागतं. याचाच फायदा घेतात. "आजी लागला नाही, परत लावा", पहिल्यांदाच लागलेला असतो, दुसऱ्यांदाही पैसे निघतात आणि हातात एकदाचेच देतात. पावती द्यायची नाही, मागितली तर रोल संपलाय. माझं एकच सांगणं, पावती घेतल्याशिवाय ओट्यावरून उठू नका. आता २०२६ पासून रिझर्व्ह बँकेने आमच्यावरही कडक केलंय, तीन महिने मशीनवर व्यवहार नसला तर परत केवायसी. ते चांगलंच झालं.

मृद्गंध

कंदीपेढा, आईने इतक्यात जमीन-घराचा काही दस्त नोंदवला होता का? २०२३ मध्ये बंगळुरूला हेच झालं होतं, सरकारच्या कावेरी पोर्टलवरच्या खरेदीखतांवरून लोकांचे अंगठे आणि आधार नंबर उचलले, नकली ठसे बनवले आणि एईपीएसने पैसे काढले. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार?

सोपा उपाय आहे, आधारच्या ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करून टाका, म्हणजे अंगठा कुठेच चालणार नाही.

सीएसपीवाला

ताई, लॉक केलं की रेशनच्या दुकानात पण अंगठा चालत नाही. आणि उघडायला ॲप नाहीतर वेबसाइट, त्याला आधारला जोडलेला मोबाइल पाहिजे. त्यांच्या आईचा आधारला कुठला नंबर आहे विचारा आधी.

कंदीपेढा

😐 आत्ता बघितलं. आधारलाही वडलांचाच नंबर. म्हणजे तो पोरगा काय काय डिलीट करतोय देव जाणे.

आणि हो, गेल्या वर्षी वडलांच्या नावची जमीन वारसांच्या नावावर करून मग वाटणीपत्र नोंदवलं, आईचे अंगठे-आधार सगळं लागलं होतं. तिथूनच गेलं असं मी म्हणत नाही. पण मृद्गंधताई, आता रात्रभर झोप येणार नाही.

टेम्सकाठी

लंडनमध्ये आहे, इथलं सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासून फसवून पाठवायला लावलेले पैसेसुद्धा बँकेने परत करायचे, ८५ हजार पौंडांपर्यंत, त्यातले अर्धे पाठवणाऱ्या बँकेने आणि अर्धे ज्या बँकेत गेले तिने. आणि संशय आला तर बँक ७२ तासांपर्यंत पैसे थांबवू शकते. वयाची अट नाही, व्यवहार संशयास्पद हवा. पेन्शनर काकांचा मुद्दाही सुटतो आणि कंदीपेढांचाही.

चहाबाज

आलं, तिकडचं पुराण आलं. आमच्याकडे आधी पासबुकाचं मशीन चालू करा म्हणावं.

पेन्शनर ७४

चहाबाज, थट्टा नको, त्यांचा मुद्दा बरोबर आहे. सातारा जिल्ह्याबाहेर कधी पैसे न काढलेल्या बाईच्या खात्यातून रोज बरोबर दहा हजार, मर्यादेला टेकवून, चार दिवस जातात आणि बँकेच्या कॉम्प्युटरला शंका येत नाही? आम्ही वहीत हिशेब ठेवायचो तेव्हासुद्धा असली एन्ट्री डोळ्यात भरली असती. माझ्या वयावर पाळत ठेवण्यापेक्षा चोराच्या सवयीवर ठेवा. मात्र परत मिळायची सोय झाली म्हणून लोक बेफिकीर होतील, ही भीती मला आहेच.

काउंटर नंबर ४

काका, ज्याचे जातात तो बेफिकीर नसतो हो. चिठ्ठी वाचणाऱ्या आजोबांचा चेहरा मी बघितलाय.

कंदीपेढा

अपडेट. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला. तिकडचा माणूस म्हणाला वेळ गेलाय, लगेच केला असता तर पुढच्या खात्यात पैसे गोठवता आले असते. बँकेला लेखी अर्ज दिला, २०१७ च्या परिपत्रकाचा उल्लेख करून, आणि पोच म्हणून शिक्का मागितला तर क्लार्क म्हणे ठेवून जा. शिक्का मारेपर्यंत बसून राहिलो, पाऊण तास. मारला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

आणि कुलपाचं म्हणाल तर काल पहिल्यांदा आईलाच विचारलं. इतके दिवस तिच्या खात्याबद्दल इथे तुमच्याशी वाद घालतोय आणि तिला विचारलंच नव्हतं. म्हटलं, तुझ्या खात्याचे मेसेज माझ्या मोबाइलवर घेऊ का? तर म्हणाली, "तुझ्यावर नको, तू घाबरतोस. माझ्याच डबड्या फोनवर दे, शेजारच्या शमाकडून वाचून घेईन. आणि दर महिन्याला पासबुक भरून आणायला एक पोरगं ठरवते, दहा रुपये देईन त्याला." अंगठ्याचं मात्र बंदच कर म्हणाली. रेशनचं काय म्हटलं तर गप्प बसली.

तरी ६५ चं माझं मत मी सोडलेलं नाही काका, फक्त दुसरा नंबर कोणाचा ते खातेदाराने ठरवावं, एवढं मान्य.

दस्तुरखुद्द

ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड जोडलंत ना अर्जाला? तारखा आणि हॉस्पिटलचा शिक्का दिसेल अशी झेरॉक्स. आणि कुठल्या गावच्या, कुठल्या मशीनवरून काढले ते लेखी मागा.

कंदीपेढा

डिस्चार्ज कार्ड राहिलं. सोमवारी परत जातो.