मदत हवी आहे: घटनास्थळी नसलेल्या आरोपीवर कट कसा सिद्ध करायचा?

टोळीयुद्धातल्या खुनाच्या खटल्यात मूळ फिर्यादीतर्फे सरकारी वकिलांना साहाय्य करतोय. घटना २०२३ ची, भादंवि (भारतीय दंड संहिता) ३०२ म्हणजे खून आणि १२०-ब म्हणजे गुन्हेगारी कट. खटला १ जुलै २०२४ आधीच सुरू झाल्याने पुराव्यालाही जुनाच कायदा, म्हणजे १८७२ चा भारतीय पुरावा कायदा. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लागलेला नाही, म्हणजे त्यातल्या कलम १८ चा, पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब नाही.

कोयते चालवणारे तिघे साक्षीदारांनी ओळखलेत. अडचण चौथ्याची. तो तेव्हा ४० किलोमीटर दूर होता. सीडीआरमध्ये (फोन कॉलच्या नोंदी) आदल्या रात्रीपासून त्याचे पहिल्या आरोपीशी ११ कॉल, शेवटचा हल्ल्यानंतर चार मिनिटांनी. ६५-ब चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडलंय, पण बोलणं काय झालं ते कुठेच नाही. दोघे मावसभाऊ, म्हणून बचाव म्हणतो बोलणारच. हल्ल्यातली दुचाकी चौथ्याच्या नावावर. तो म्हणतो विकली, फक्त कागद बदलायचे राहिले.

पुरावा कायद्याचं कलम १० (एका कटकर्त्याचं बोलणं-वागणं दुसऱ्याविरुद्ध पुरावा) तपासलं. सहआरोपीचं अटकेनंतरचं निवेदन त्यात बसत नाही (मिर्झा अकबर निकाल, १९४०). नलिनी निकालानुसार (१९९९) नुसती जवळीकही पुरत नाही. पोरगा गमावलेल्या आईला खोटी आशा द्यायची नाहीये, म्हणून नेमकं विचारतो: कॉल आणि गाडी एवढ्याच साखळीवर १२०-ब टिकल्याचा निकाल कोणाच्या पाहण्यात आहे का? आणि दुचाकीचा ताबा त्याच्याकडेच होता हे दाखवायला कोणता साक्षीदार बोलवावा?